समेवर थांबलेली नर्तकी आणि न थांबलेला घेर

दादरला माझी भाची ज्या कथकच्या वर्गाला जाते, तिथे कोपऱ्यात बसून चित्रे काढण्याची परवानगी तिच्या गुरुताईंनी मला दिली, त्याला आता दोन पावसाळे झाले. सुरुवातीला मी पेन्सिलनेच काढत असे. बाह्यरेषा अचूक येत, हस्तमुद्राही ओळखू येत. पण त्या मुली नाचण्याऐवजी कवायत करत आहेत असे वाटे.

सॉफ्ट पेस्टल, म्हणजे खडूसारखी मऊ रंगकांडी, हाती घेतल्यावर चूक उमगली. या कांडीत रंगद्रव्य भरपूर आणि ते धरून ठेवणारा डिंक अगदी नावापुरता असतो, त्यामुळे ती नुसती टेकवली तरी रंग सोडते. वेष्टन काढून, कांडीचा लहानसा तुकडा मोडून तो आडवा ओढला, की कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचा भाग एका फटक्यात उमटतो आणि हाताचा दाब वाढतो तिथे शरीराचा भार दिसू लागतो. म्हणून आता मी चेहऱ्यापासून सुरुवात करत नाही. भार कोणत्या पायावर आहे ते आधी पाहतो आणि तिथून मानेपर्यंत एकच तिरपी रेघ ओढतो.

खरी परीक्षा चक्करांची, म्हणजे कथकमधल्या गिरक्यांची. फिरणारी मुलगी पाहून काढणे अशक्यच, त्यामुळे मी बराच काळ तो नाद सोडला होता. मग एकदा लक्षात आले, की तिहाई (तीनदा येणारा बोल) संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, शरीर खिळल्यासारखे थांबते, पण कुर्त्याचा घेर थांबत नाही. तो क्षणभर पुढे जातो, पायांभोवती गुंडाळला जातो आणि मग उलटा उलगडतो. मला तो उशीर काढायचा असतो. धड गडद, दाबून आणि जवळजवळ स्थिर. घेर मात्र कागदाचा खरखरीतपणा दिसत राहील इतक्या हलक्या हाताने. कागद करडा घेतो, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या जागाही सावलीचे काम करतात.

घेरावर बोट फिरवून रंग एकजीव करण्याचा मोह मी कटाक्षाने टाळतो, कारण बोट फिरले की फटक्याची दिशा पुसली जाते आणि हाती उरतो तो सुंदर धुरळा. नर्तिकांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला फ्रेंच चित्रकार एदगार देगा (1834–1917) पेस्टलचे थरावर थर चढवत असे आणि मधले थर फिक्सेटिव्हने, म्हणजे रंग कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने, पक्के करत असे. मीही खालचे थर तेवढे पक्के करतो. फवारा जास्त झाला तर उजळ रंग काळवंडतात, म्हणून शेवटचे पिवळे आणि गुलाबी फटके तसेच सोडतो. सुटलेली भुकटी फुंकू नये, श्वासात जाते. बोर्ड उभा धरून मागून हलकेच टिचकी मारावी.

मुंबईच्या दमट हवेत बुरशीची धास्ती असतेच, शिवाय संध्याकाळच्या लोकलमध्ये ताजे चित्र नेणे हे स्वतंत्र धाडस आहे. चित्रावर घासणार नाही असा गुळगुळीत कागद ठेवून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधून मी ते छातीशी धरतो. चौकटीत बसवताना काच रंगाला टेकू नये म्हणून मधे जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) घालावाच लागतो.

भाचीला परवा तिचेच चित्र दाखवले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “मामा, सम बरोबर आली आहे, पण नाक काढेपर्यंत हे आईला दाखवू नकोस.”