गौरीसाठी निवडलेला माठ

ठाण्यात, नौपाड्यात, मी घरातल्याच दोन खोल्यांत पाळणाघर चालवते. दीड ते पाच वर्षांची मुलं, दुपारचं जेवण माझ्याकडेच. वरण-भात, खिचडी, उसळ, सगळं जातं पोटात. अडतं ते पालेभाजीपाशी.

२९ ऑगस्ट २०१७, मंगळवार. गौरी आवाहनाचा दिवस. आमच्या गौरी डोंबिवलीला मोठ्या जाऊबाईंकडे बसतात. मुलांची जेवणं उरकली की मदतनीस ताईंवर सोपवून मी दुपारच्या लोकलने निघणार होते. आवाहनाच्या संध्याकाळचा नैवेद्य भाजी-भाकरीचा, म्हणून सकाळीच जांभळी नाक्यावरून लाल माठाच्या तीन जुड्या, मेथीच्या दोन आणि शेपूची एक आणून ठेवली होती.

पाऊस सकाळपासून धरून होता. दुपारपर्यंत रुळांवर पाणी भरलं, लोकल बंद पडल्या आणि एकेका घरचे फोन सुरू झाले. कुणी परळला अडकलेलं, कुणी बीकेसीत, कुणी दादर स्टेशनातच. "काकू, आज उशीर होईल." किती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. जाऊबाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, "तिथेच दाखव नैवेद्य. सात गणपती-गौरी बसलेत की तुझ्या घरात."

त्या सातांतला एक साडेतीन वर्षांचा. इथे त्याला सोनू म्हणते. त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती, ती आधी सांगायला हवी. पालक उकडून, वाटून मी धिरड्याच्या पिठात मिसळायचे आणि "पोपटाचं धिरडं" म्हणून वाढायचे. पंधरा दिवस त्याने मिटक्या मारत खाल्लं. एकदा तो पाणी मागायला स्वयंपाकघरात आला आणि मिक्सरच्या भांड्यातला पालक त्याला दिसला. "ही भाजी आहे, मावशी?" मी नाही म्हणाले. त्या दिवसापासून धिरडं तर सुटलंच, पण वरणातली कोथिंबीरही तो एका बोटाने ओढून ताटाच्या कडेला लावायला लागला. पालकापेक्षा मोठं काहीतरी मी घालवलं होतं. माझ्या हातच्या जेवणावरचा त्याचा भरवसा गेला होता, आणि ते मला फार लागलं होतं.

त्या संध्याकाळी दूध-बिस्किटं झाली, खेळणी संपली, गोष्टी संपल्या. बाहेर अंधारून आलं. खिडकीशी उभी असलेली एक मुलगी "आई" करून रडायला लागली, तिचं बघून दुसरी. मला रात्रीच्या स्वयंपाकाला लागायचंच होतं. मी खाली वर्तमानपत्र पसरलं, माठाच्या जुड्या सोडल्या आणि म्हटलं, "आज गौर माहेरी येतेय. लांबून, दमून येणार. तिला भाजी-भाकरी लागते. चला, निवडू लागा."

सात जणं कोंडाळं करून बसली. सोनूने एक पान उचललं, उलटं केलं. पाठीमागच्या गडद शिरांवरून नख फिरवलं. मग देठ मोडला. रस बोटाला लागला, बोट गुलाबी झालं. त्याने ते नाकाशी नेलं, थोडं थांबला, आणि हळूच जिभेला लावलं. मी मान वर केली नाही, खुडत राहिले. रडणारी मुलगी भोकं पडलेलं एक पान घेऊन आली, "हे अळीने जेवलंय." ते तिने जपून वेगळं ठेवलं.

पाला तीन पाण्यांतून काढला, तळाला बसलेली माती मुलांना दाखवली. मग अगदी बारीक चिरला. हे बारीक चिरणं फार महत्त्वाचं. मूल पालेभाजी थुंकतं ते दर वेळी चवीमुळे नाही. लांब पान टाळूला चिकटतं, देठाचा दोरा घशात अडकतो आणि मूल घाबरतं. मोठ्यांना वाटतं, नखरे करतंय.

तेलात लसूण लालसर केला, पाला घातला, झाकण ठेवलं नाही. तेलात हात आखडला नाही, कारण पाल्यात जे असतं त्यातून अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध लागतं. वरून ओलं खोबरं, आणि खाली उतरवल्यावर लिंबू. आंबटाच्या सोबतीने पाल्यातलं लोह जास्त लागू पडतं. मेथीची परतून भाजी केली, हाताएवढ्या भाकऱ्या थापल्या. देव्हाऱ्यापुढे पान ठेवलं, सगळ्यांनी हात जोडले.

माठ भातात कालवला आणि भात गुलाबी झाला. एकच ओरडा. सोनू मात्र गप्प. मग त्याने विचारलं, "मावशी, यात काय आहे?"

"माठ. तू निवडलेला. लसूण, खोबरं, मीठ, लिंबू. दुसरं काही नाही."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. मी पातेलं तिरकं करून दाखवलं. त्याने घास घेतला. मग दुसरा. चार घास खाल्ले आणि उरलेला भात पांढरा मागितला. मेथीला हात लावला नाही, मीही आग्रह केला नाही. कडू चव लहान जिभेला आपल्यापेक्षा जास्त झोंबते. एकच भाजी आठ-दहा वेळा पानात येऊ द्यावी लागते, तीसुद्धा चमचाभर आणि डोळे न वटारता.

रात्री साडेअकरापर्यंत पाच मुलं घरी गेली. सोनूची आई पहाटे आली. थोडं चालत, थोडं मिळेल त्या गाडीने, चपला हातात, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. दारातूनच विचारलं, "काकू, जेवला का हो?" मी सांगायच्या आत तो अंथरुणातून उठून बसला. "आई, मी गौरीला भाजी निवडली. आणि मी पण खाल्ली."

ती उंबऱ्यावरच बसली. मी तिला चहा दिला.

आता आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सकाळी साडेदहाला जुडी सुटते. निम्मा पाला जमिनीवर सांडतो, ताई कुरकुरतात, चालतं. वाटलेला पालक मी पुन्हा कधी लपवून घातला नाही.

सोनूने धिरडं परत खाल्लं ते दिवाळीनंतर. या वेळी पालक चिरलेला होता, पिठात पानं दिसत होती. ती त्याने स्वतःच्या मुठीने घातली, आणि तव्याशेजारी उभा राहून पहिलं धिरडं उलटेपर्यंत हलला नाही.