देवाच्या घरी बिऱ्हाड

इंग्लंडमधली विकाऊ घरं इंटरनेटवर बघत बसणं हा पुण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या बाईचा उद्योग नव्हे, हे मला मान्य आहे. पण घर घ्यायचंच नसलं की बघण्यात जी मजा येते, ती घ्यायचं असताना येत नाही. त्यात माझा खास जीव जडलाय तो चर्चच्या केलेल्या घरांवर. खेडेगाव, हिरवंगार कुरण, दगडी मनोरा, टोकदार कमानीचं दार. आत शिरलं की पांढरंशुभ्र किचन, संगमरवरी ओटा आणि वर, पार वर, ओकच्या जुन्या तुळया. जिथे वेदी होती तिथे डबलबेड, आणि रंगीत काचेतला कुणी संत बिचारा दिवसरात्र त्या बेडकडे बघतोय. किंमत वाचून मी फोन ठेवते आणि चहा टाकते.

अशा एका घरात राहायचा योग एकदा आला. आतेभाऊ बर्मिंगहॅमला असतो. आत्या त्याच्याकडे गेली होती, मीही तिथे होते, म्हणून त्याने हौसेने शनिवार-रविवारसाठी हेरफर्डशरमधल्या एका खेड्यातलं चर्च भाड्याने घेतलं. घर देखणं होतं, वादच नाही. फक्त जेवणाच्या टेबलाखाली काळसर दगडाची एक लांबलचक लादी होती आणि तिच्यावर अक्षरं कोरलेली होती. निम्मी झिजलेली, पण अठराव्या शतकातलं साल लागत होतं. गावच्या कुणा पाद्रीसाहेबांची पत्नी तिथे चिरविश्रांती घेत होती. आत्याची खुर्ची नेमकी तिच्या नावावर. चप्पल काढून बसलेली आत्या, पाय खाली सोडला तो त्या अक्षरांना लागला. ती लगेच वाकली, दगडाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

मग खुर्ची सरकवली. मग टेबलच सरकवायला लावलं.

"खाली ती बाई निजलीय आणि वर आपण पोहे खायचे?"

"आई, अडीचशे वर्षं होऊन गेली."

"होऊ देत की. घर तिचंच ना?"

दोन दिवस आम्ही भिंतीला चिकटून जेवलो.

आत्या बोलली ते बोलण्याच्या भरात, पण अशा घरांचे कागद पाहिले तर ती फारशी चुकत नाही हे कळतं. चर्च ऑफ इंग्लंडकडे सोळा हजारांच्या आसपास चर्चं आहेत आणि त्यांतली तीन चतुर्थांशांहून जास्त सरकारी वारसा यादीत. चारदोनशे वस्तीचं गाव, रविवारी प्रार्थनेला आठ म्हातारी माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर मध्ययुगातलं छप्पर. त्या छपरावरचं शिसं रात्रीतून चोरीला जातं, पाऊस आत येतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून आठही जण एकमेकांकडे बघतात. १९६९पासून, म्हणजे बंद करण्याचा रीतसर कायदा अमलात आल्यापासून, अशी दोन हजारांच्या घरात चर्चं बंद झाली. साडेतीनशेहून जास्त एका ट्रस्टने सांभाळायला घेतली. काही पाडली. काहींची कार्यालयं, सभागृहं झाली आणि काहींत माणसं राहायला आली.

बंद करणं मात्र कुलूप लावण्याइतकं सोपं नाही. योजना जाहीर होते, हरकती मागवतात, आणि अपिलाची परवानगी मिळाली तर हरकत घेणारा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे राजाच्या नावाने चालणाऱ्या वरिष्ठ न्यायपीठापर्यंत जाऊ शकतो. होय, तीच प्रिव्ही कौन्सिल, जिथे टिळकांनी ताईमहाराज प्रकरण, म्हणजे दत्तकाचा तो वाद, नेऊन १९१५ साली जिंकलं. याच प्रिव्ही कौन्सिलपुढे १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक कुटुंबाचा एक खटला आला होता. घरातला देव कुणाकडे राहायचा यावर भाऊबंदकी. न्यायाधीशांनी सांगितलं की मूर्ती ही काही इकडून तिकडे हलवायची वस्तू नव्हे, ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिने कुठे राहायचं याबाबत तिचीही इच्छा विचारात घ्या आणि ती मांडायला तिच्या बाजूने वेगळा माणूस नेमा.

म्हणून आपल्याकडे पडकं का होईना, देऊळ फार्महाऊस होत नाही. गाभाऱ्यातला मालक तिथेच बसलेला असतो. दिवाबत्ती बंद पडेल, पिंपळ भिंत फोडून वर येईल, पण जमीन देवाच्या नावावर. (ती कुळांच्या, पुजाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या घशात कशी जाते, तो विषय निराळा.) इंग्रजांच्या चर्चमध्ये असं कुणी वस्तीला नाही. मंडळी उठली की दालन रिकामं. मग विकायला हरकत कुणाची?

तर हरकत दालनाचीच. ते माणसाने राहावं म्हणून बांधलेलंच नाही. शेकडो वर्षं तिथे माणसं तास-दीड तास थंडीत कुडकुडायला येत आणि घरी जात. जुन्या खेड्यातल्या कितीतरी चर्चमध्ये संडास नाही, नळ नाही, ड्रेनेज नाही. आता कोट्यधीशाला चार बाथरूम हवीत. त्यांचं पाणी न्यायचं कुठून? चारी बाजूंनी कबरी. पाइपसाठी चर खणायचा तर शेजारी पुरातत्त्ववाला उभा हवा. हाड लागलं की काम थांबलं. फरशीखाली हीटिंग टाकावं, तर फरशीखाली आत्याची ती बाई. रंगीत खिडक्यांना दुहेरी काच सहसा लावू देत नाहीत, आणि जी काही ऊब आत तयार होते ती तुळयांपाशी जाऊन बसते. तिथे वटवाघळं असतात. ब्रिटनमध्ये वटवाघळाच्या प्रत्येक जातीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचं बस्तान हलवायचं तर लायसन्स लागतं. म्हणजे मालक खाली स्वेटर घालून आणि उबेत वटवाघळं. मला हे फार न्याय्य वाटतं.

गंमत अशी की प्रार्थना चालू असेपर्यंत या बांधकामाच्या परवानग्या चर्चचीच यंत्रणा देते. चर्च बंद झालं की ती सवलत संपते आणि नगर परिषदेचा अधिकारी दारात येतो. तो म्हणतो, आत काय बांधायचं ते बांधा, पण उद्या काढता आलं पाहिजे. त्यामुळे चांगले आर्किटेक्ट मूळ भिंतींना धक्का न लावता आत दुसरं घर उभं करतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात १८७०चं सेंट जेकोबस चर्च आहे. प्रार्थना थांबल्यावर तिथे जुन्या फर्निचरची शोरूम झाली, छोट्या मैफली झाल्या, आणि २००९च्या सुमारास 'झेक' (Zecc) नावाच्या डच आर्किटेक्ट कंपनीने त्यात एका कुटुंबाचं घर बसवलं. पांढऱ्याशुभ्र भिंती, माळे, जिने, सगळं जुन्या खांबांच्या मधून वाट काढत गेलेलं. फोटो पाहिले की कळतं, वाकून वागतंय ते नवं घर.

शिवाय विक्रीच्या करारात अटी. इथे दारूचा गुत्ता नको, जुगार नको, कबरींना हात लावायचा नाही. दफनभूमी बहुतेक वेळा विकलीच जात नाही. पुरलेल्यांच्या नातेवाइकांना येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. आम्ही होतो त्या रविवारी सकाळी एक वयस्कर गृहस्थ हातात डॅफोडिल्स घेऊन किचनच्या खिडकीवरून गेले. आम्हाला पाहून टोपी उचलली. आत्याने आतून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "त्यांना चहा विचार." मी बाहेर जाऊन विचारला. आले नाहीत, पण खूश झाले.

घर होण्यापेक्षा बरं नशीब काही चर्चांना मिळतं असं माझं मत. लंडनच्या वेस्ट केन्सिंग्टनमधलं भारतीय विद्या भवन एका जुन्या चर्चमध्ये आहे. जिथे स्तोत्रं म्हटली जायची तिथे तबल्याचे बोल घुमतात, भरतनाट्यमचे वर्ग चालतात. उंच छत अशा कामी आलं तर हीटिंगचं बिलही डोळ्यांत खुपत नाही. श्रीमंतांच्या सोफ्यावर मात्र ते छत नुसतं टांगलेलं राहतं.

ज्यांना विकत घ्यायचं नाही आणि परवडायचंही नाही, त्यांच्यासाठी बंद चर्चं सांभाळणाऱ्या त्या ट्रस्टने एक सोय काढली आहे, चर्चमध्ये रात्रीचा मुक्काम. नॉर्थॅम्प्टनशरच्या ऑल्डविंकल गावात, कवी ड्रायडनच्या जन्मगावी, एका मध्ययुगीन चर्चमध्ये हा प्रकार सुरू झाला आणि पसरला. कॅम्पची खाट मिळते, हीटिंग नसतं, म्हणून थंडीचे महिने वगळून. परतीच्या वाटेवर आतेभाऊ गाडी चालवता चालवता हे सगळं रंगवून सांगत होता.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि पैसे आपणच द्यायचे?"