अर्ध्या चमच्याचा हिशोब

त्या दिवशी उंदरांची साखर तपासायची होती. अठ्ठाविसाव्या दिवसाची, म्हणजे प्रयोगाची शेवटची. उंदीर रात्रभर उपाशी ठेवलेले, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मोजून काढलेल्या, विद्यार्थिनी सकाळी आठला हातमोजे घालून तयार. फक्त ॲनिमल हाऊसचे, म्हणजे प्रयोगाचे उंदीर सांभाळणारे, मामा आले नव्हते. रक्त काढायच्या दिवशी मामा चुकलेत असं अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

साडेआठला त्यांचा फोन आला. "मॅडम, आईला ॲडमिट केलंय. पहाटं हाक मारली तर बोलेचना. अंग घामानं भिजलेलं. डॉक्टर म्हणत्यात, साखर चौतीसवर आलीया."

"वाढलीय की उतरलीय?"

"उतरलीया. चौतीस."

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते आणि मधुमेहावरच्या वनस्पतींच्या अर्कांवर काम करते. मामांच्या आई सत्तरी ओलांडलेल्या. सरकारी दवाखान्यातून मिळणारी मेटफॉर्मिन त्या बरीच वर्षं घेतात, हे मला माहीत होतं. पण मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणाऱ्या साखरेला आवर घालते, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत नाही. एकट्या मेटफॉर्मिननं साखर एवढी खाली जाणं फार विरळा. म्हणून विचारलं, दुसरं काही घेतात का?

"दुसरं काय बी न्हाई. एक पुडी चालू केलीया म्हयन्यापास्नं. पण ती झाडपाल्याची हाय, आयुर्वेदिक."

"मामा, ती डबी आहे तशी घेऊन या. आणि डॉक्टरांना आत्ताच सांगा की ही पुडी चालू आहे. लपवू नका."

दुपारी बाराला मामा आले. प्लास्टिकच्या पिशवीत पांढरी डबी, वर जांभळाचं आणि कारल्याचं चित्र. खाली नावं: गुडमार, जांभूळबी, मेथी, कारलं, विजयसार. "१००% आयुर्वेदिक, सात दिवसांत फरक." आयुर्वेदिक औषधालाही उत्पादन परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक लेबलवर छापावा लागतो. इथे तो नव्हता. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आठवडी बाजारातून साडेतीनशे रुपयांना आणलेली. "पर गुण आला मॅडम," मामा म्हणाले, "आठ दिसात साखर निम्मी."

त्या 'आठ दिवसांत निम्मी'नंच माझ्या पोटात गोळा आला. या वनस्पतींवर माझा जीव आहे. गुडमारचं, म्हणजे बेडकीच्या पाल्याचं पान चावून वर गुळाचा खडा तोंडात टाकला की वाळू चघळल्यासारखं लागतं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडाची जाणीव काही काळ बंद करतात. नवीन विद्यार्थी आले की मी पहिल्या दिवशी हेच करून दाखवते. ज्या पाल्याचं नाव त्या डबीवर छापलं होतं, त्याच्याच अर्काचे डोस आम्ही अठ्ठावीस दिवस मोजत होतो. त्यामुळे अर्धा चमचा चूर्ण काय करू शकतं आणि काय नाही, याचा अंदाज मला होता.

मी रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. उंदरांना आमचा मोठा डोस दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम. तो माणसासाठी काढताना सरळ वजनानं गुणत नाहीत, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ६.२ नं भागतात. म्हणजे दर किलोला सुमारे ६५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला जवळजवळ चार ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम सुक्या पाल्यातून पंधरा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर एका दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या वर सुका पाला. मामांच्या आई घेत होत्या अर्धा चमचा, फार तर दोन ग्रॅम, आणि त्यात पाच वनस्पती वाटून घेतलेल्या. एवढ्याशा चूर्णातल्या पाल्यानं साखर चौतीसवर येणं मला पटेना.

मग थिन लेयर क्रोमॅटोग्राफी करायचं ठरलं. मिश्रणातले घटक प्लेटवर वेगवेगळ्या उंचीवर चढतात, त्यावरून ते ओळखायचे. डबीतलं निम्मं चूर्ण आधी सीलबंद करून, त्यावर तारीख-वेळ घालून बाजूला ठेवलं. उरलेल्यातलं थोडं मिथेनॉलमध्ये हलवून गाळलं. सिलिकाच्या प्लेटवर एक ठिपका चूर्णाचा, एक आमच्या स्वतःच्या गुडमार अर्काचा आणि एक ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहावरच्या गोळीचा.

ग्लिबेनक्लामाइडच का? ती आमच्या कपाटातच होती. अर्काची तुलना करायला उंदरांच्या एका गटाला आम्ही हीच देतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना ती इन्सुलिन सोडायला लावते, आणि रक्तात साखर कमी असली तरी सोडायला लावते. पेशीच उरल्या नसतील तर मात्र ती फारशी चालत नाही. उंदरांना मधुमेह व्हावा म्हणून आम्ही स्ट्रेप्टोझोटोसिन देतो, ते या पेशी मारतं. म्हणून त्याआधी निकोटिनामाइड देतो, म्हणजे थोड्या पेशी वाचतात. स्वस्त, जोरकस, चूर्णात मिसळली तर डोळ्यांना न दिसणारी गोळी. भेसळ करणाऱ्याला आणखी काय हवं?

चेंबरमधलं द्रावण प्लेटवर चढायला पंचवीस मिनिटं लागली. मामा खुर्चीवर न बसता दाराशी उभे होते. प्लेट वाळवून २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरली. चूर्णाच्या रांगेत एक गडद ठिपका दिसला, ग्लिबेनक्लामाइडच्या ठिपक्याशी अगदी समपातळीत. आमच्या अर्काच्या रांगेत त्या जागी काहीच नव्हतं.

एका ठिपक्यावर कुणावर आरोप करायचा नसतो. एचपीएलसीवर लावलं, म्हणजे घटक वेगळे करून प्रत्येकाचं शिखर आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रावर. शिखर उमटायची वेळ जुळली आणि अतिनील वर्णपटही जुळला. पुडीत नेमकी किती, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. कॅलिब्रेशन न करता, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांशी ताडून न पाहता, आकडा देणं चूक.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मला शंका होतीच. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आल्या, आणि दोन तासांनी साखर परत अठ्ठेचाळीस. मेटफॉर्मिननं असं होत नाही." रक्तातलं क्रिएटिनिनही वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. थकलेल्या मूत्रपिंडातून हे औषध आणि शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते, दोन्ही सावकाश बाहेर पडतात. म्हणून साखर एकदा वर आली की घरी सोडायचं नाही, ठिबक चालू ठेवून पुन्हा पुन्हा मोजत राहायचं.

माझी विद्यार्थिनी प्लेटकडे बघत होती. सकाळच्या मोजणीत आमच्या अर्काच्या गटातली साखर उतरलेली होती, पण ग्लिबेनक्लामाइडच्या गटाइतकी नाही, आणि त्यावर ती हिरमुसली होती. "मॅडम, मग झाडपाला खोटाच का?"

मी तिला म्हटलं, अजिबात नाही. मामांच्या आई घेतात त्या मेटफॉर्मिनचं मूळ शोधलं तर ते युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातल्या गॅलेजिनपर्यंत जातं. गॅलेजिन विषारी ठरलं, मग त्याच घराण्यातली रसायनं तपासत तपासत १९५७ मध्ये जाँ स्टर्न यांनी पॅरिसमध्ये मेटफॉर्मिनचा मधुमेहातला उपयोग मांडला. आपल्याकडे विजयसारचाच अभ्यास घे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं नव्यानं निदान झालेल्या रुग्णांवर तो केला आणि १९९८ मध्ये छापला. बारा आठवड्यांत ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. मोकळी चाचणी होती, म्हणजे काय औषध चालू आहे हे सगळ्यांना माहीत, आणि तुलनेचा गट नव्हता, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही. पण रुग्ण मोजलेले, डोस मोजलेला, आठवडे मोजलेले. सात दिवसांची जाहिरात करणाऱ्यानं ना पाल्याचा मान ठेवला ना गोळीचा.

सीलबंद नमुन्यासह अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायचा तक्रार अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी लिहिला. प्लेटचा फोटो जोडला. मामांनी खाली सही केली.

साडेसातला मी दवाखान्यात गेले. आई उशीला टेकून बसल्या होत्या, हातात सलाईन. सिस्टरनं साखर घातलेला चहा दिला होता. "इतक्या वर्षांनी ग्वाड च्या," त्या म्हणाल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. कप खाली ठेवून मामांकडे बघत म्हणाल्या, "आरं, ती पुडी मी भजनातल्या दोघींना बी दिलीया की. गुण आला म्हून."

मामांनी गाडीची किल्ली उचलली आणि काही न बोलता निघाले. मी आमचा ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांची डबी त्यांच्या हातात ठेवली.

साडेनऊला फोन आला. दोन्ही डब्या परत मिळाल्या होत्या. एकीनं अजून झाकण उघडलं नव्हतं. दुसरी रात्रीचा डोस घेऊन न जेवताच झोपायच्या तयारीत होती. "अठ्ठावन्न हाय मॅडम, हात थरथरतोय तिचा. साखरपाणी पाजलंय, जेवायला बसवलीया." मी सांगितलं, जेवण झालं की थांबू नका, इथेच घेऊन या, आज रात्रभर तिची साखर मोजावी लागेल. पलीकडून मामांचा आवाज आला, "रिक्षा बोलवा रं कुनीतरी."