बोरीबंदरच्या पाथरवटांचा माग: आधी नाशिक, मग मुंबई

आमचे खापरपणजोबा पाथरवट होते आणि बोरीबंदरचे स्टेशन (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) उभे राहत असताना तेथे टाकी चालवत होते, एवढेच घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाई. त्याला कागदोपत्री आधार मिळतो का, हे पाहण्यासाठी या हिवाळ्यात मी नाशिक आणि मुंबई गाठली. असा शोध घेणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये १८४१पासूनच्या जनगणनेच्या याद्यांत गवंडी किंवा रंगारी नाव, वय आणि धंद्यासह सापडतो. आपल्याकडे त्या काळच्या तशा घरोघरच्या याद्या जपल्या गेल्या नाहीत.

ती उणीव नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, म्हणजे यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या पिढ्यांच्या नोंदी, बरीचशी भरून काढतात. पंचवटीत गेल्यावर आडनावाबरोबर मूळ गाव सांगावे, म्हणजे त्या गावचे उपाध्ये कोण हे कळते. आमच्या गावाच्या वहीत खापरपणजोबा, त्यांचे वडील आणि भाऊ यांची नावे मोडीत लागोपाठ लिहिलेली होती आणि शेवटी ‘हल्ली मुक्काम मुंबई’ असे शब्द होते. उपाध्यायांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती वाचून दाखवली, तेव्हा मला भरून आले. मोडी येत नसेल तर जाणकार सोबत न्यावा, छायाचित्रासाठी आधी विचारावे, यथाशक्ती दक्षिणा द्यावी आणि पर्वकाळाची गर्दी टाळावी.

मुंबईत राज्य पुराभिलेखागार काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तेथील प्रवेशाचे नियम निघण्यापूर्वीच विचारून घ्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पूर्वज ज्या इमारतीवर राबले ती कोणाची होती हे आधी ठरवावे. हायकोर्टासारखी सरकारी कामे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात शोधावी लागतात, क्रॉफर्ड मार्केट महापालिकेचे, तर बोरीबंदर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचे होते आणि त्या कंपनीचे बरेच कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मजूर मुकादमामार्फत येत, त्यामुळे दप्तरात नावे दिसतात ती बहुधा अभियंत्यांची आणि ठेकेदारांची. घरात एखाद्या मुकादमाचे नाव सांगितले जात असेल, तर ते अवश्य टिपून न्यावे.

१८७८ ते १८८८ या काळात बांधलेल्या बोरीबंदर स्टेशनाचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, तर त्यांचे सहायक सीताराम खंडेराव आणि माधवराव जनार्दन. पानाफुलांचे, पशुपक्ष्यांचे बरेचसे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली केले. म्हणून एखादा सुंदर मोर दिसला की तो आपल्याच पूर्वजाने कोरला, असे धरून चालू नये. चिरे घडवणे आणि ते कोनात चपखल बसवणे हेही तितकेच कसबाचे काम होते. उपनगरी तिकीटघरातील खांबांचे माथे आणि कमानी पाहायला वेगळी परवानगी लागत नाही. मात्र लोकलच्या गर्दीच्या वेळा सोडून, शक्यतो सुटीच्या दिवशी सकाळी जावे आणि छोटी दुर्बीण जवळ ठेवावी.