पाच बहिणींतली कोणती? १:१४४ लढाऊ मॉडेल, कणा कापून झाला

गेले दोन महिने प्लायला हात लावला नव्हता. आमचा खेळ म्हणजे छर्रे मारून एकमेकांची मॉडेल जहाजं बुडवण्याचा. त्यासाठी क्वीन एलिझाबेथ वर्गातलं, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या पाच ब्रिटिश युद्धनौकांपैकी एक जहाज बांधायचं हे दिवाळीतच ठरलं होतं. घोडं पेंड खात होतं ते पाचांपैकी कोणतं बांधायचं यावर.

हा वर्ग का, ते आधी सांगतो. मूळ लांबी १९६ मीटर, म्हणजे १:१४४ ला १३६ सेंमी. अमेरिकेची आयोवा युद्धनौका घेतली असती तर १८८ सेंमीचं धूड झालं असतं आणि प्रत्येक लढाईला टेम्पो बोलवावा लागला असता. १३६ सेंमीचं जहाज माझ्या गाडीत तिरकं मावतं. १५ इंची आठ तोफा, चार पंखे (प्रोपेलर) आणि दोन सुकाणू. दोन सुकाणू ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, कारण आमचं पाणी म्हणजे दिंडोरीकडच्या मामांच्या द्राक्षबागेतलं शेततळं. तिथे लांब सरळ धावायला जागाच नाही. जो आधी वळतो त्याचा नेम आधी लागतो.

(शेततळ्यात खेळणाऱ्यांनो, तळ्याच्या प्लास्टिक कागदावर शेवाळ धरलेलं असतं आणि पाय घसरला की वर येता येत नाही. आम्ही दोन बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवतो आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी काठाच्या आत जात नाही. गॉगल तर सगळ्यांनाच, बघायला आलेल्या पोरांनाही. काठाला जुने फ्लेक्स टांगले की चुकलेले छर्रे तिथेच पडतात.)

आता बहिणींकडे वळतो.

मन होतं वॉरस्पाइटवर. १९१६ साली जटलंडच्या सागरी लढाईत तिचं सुकाणू अडकलं आणि ती जर्मन तोफांसमोर गोल गोल फिरत राहिली, तरी परत आली. जुलै १९४० मध्ये कॅलाब्रियाजवळ तिने इटलीच्या जुलिओ चेझारेवर सुमारे २४ किलोमीटरवरून गोळा बसवला. १९४३ मध्ये सालेर्नोला जर्मन फ्रिट्झ एक्स बॉम्ब तिच्या आरपार गेला, तरी ती बुडाली नाही. १९४७ साली भंगारात निघाली तेव्हासुद्धा दोर तोडून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जाऊन रुतली. असं जहाज कोणाला नको असेल?

पण मॉडेल लढायचं आहे, आणि लढणाऱ्या मॉडेलची बाजू हीच त्याची कातडी असते. आमच्या जहाजांच्या बाजूला ०.८ मिमी बाल्सा, म्हणजे अगदी हलकं लाकूड, लागतं. सायकलच्या बेअरिंगचे ३/१६ इंची छर्रे ते फोडतात, पाणी आत येतं, पंप जितकं फेकेल तितका वेळ तुम्ही तरता. संध्याकाळी घरी आलं की फाटलेला बाल्सा काढून नवा चिकटवायचा. हे काम दर लढाईनंतर करायचं असतं. म्हणून बाजू जितकी सपाट, तितका रविवार वाचतो.

आणि पाच बहिणींत खरा फरक नेमका इथेच आहे. मूळ आराखड्यात मधल्या भागात, वरच्या डेकखाली, ६ इंची तोफांचे कोनाडे होते. बारहॅम आणि मलाया यांनी ते शेवटपर्यंत ठेवले, दर बाजूला सहा. वॉरस्पाइटची १९३४ ते १९३७ मध्ये मोठी पुनर्बांधणी झाली, तरी दर बाजूला चार कोनाडे राहिलेच. म्हणजे प्रत्येक कोनाड्याभोवती बाल्सा वेगळा कापायचा, वाकवायचा, चिकटवायचा, आणि दर सांध्यातून पाणी झिरपणार. मागच्या माझ्या जहाजाला असे सांधे होते. एकही छर्रा न लागता त्याच्यात पाणी शिरत असे.

व्हॅलियंट आणि क्वीन एलिझाबेथ यांची पुनर्बांधणी नंतर झाली, त्यात ६ इंची तोफा पूर्ण काढून कोनाडे बंद केले आणि ४.५ इंचीच्या वीस तोफा दहा जुळ्या टरेटांत (तोफांच्या फिरत्या बुरुजांत) बसवल्या. बाजू अगदी सलग. एका पट्टीत बाल्सा लावून मोकळं. हे आराखड्यावर दिसलं त्या रात्री निम्मा निर्णय झाला.

उरल्या दोन. बाजूच्या दृष्टीने दोघी सारख्याच, तेव्हा इथे मी मनाचं ऐकलं. क्वीन एलिझाबेथ जटलंडच्या वेळी गोदीत होती आणि मटापानच्या लढाईतही नव्हती. व्हॅलियंट दोन्हीकडे होती. मार्च १९४१ मध्ये मटापानच्या त्या रात्री वॉरस्पाइट, व्हॅलियंट आणि बारहॅम या तिघींनी इटलीच्या क्रूझरांवर साडेतीन किलोमीटरच्या आसपास अंतरावरून तोफा डागल्या. युद्धनौकांसाठी हे अंतर म्हणजे अगदी अंगाला अंग लावून. आमच्या प्रमाणात ते २४ मीटर होतं, आणि आम्ही तर दोन-तीन मीटरवरून मारतो. त्या लढाईत व्हॅलियंटवरचा एक सर्चलाइट सांभाळणारा तरुण अधिकारी पुढे प्रिन्स फिलिप म्हणून जगाला माहीत झाला.

त्याच वर्षी १९ डिसेंबरला अलेक्झांड्रिया बंदरात इटालियन डायव्हरांनी तिच्या, म्हणजे व्हॅलियंटच्या, बुडाखाली सुरुंग ठेवला. त्यातले दोघे पकडले गेले, त्यांना जहाजाच्याच पोटात कोंडलं, तरी सुरुंग कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही. स्फोट झाला, जहाज उथळ पाण्यात तळाला टेकलं, दोघे वाचले. बंदर उथळ असल्याने डेक पाण्यावर राहिलं आणि शत्रूला लांबून कळू नये म्हणून ती तरंगतेय असाच देखावा ठेवला गेला. लढाऊ मॉडेल करणाऱ्याला ही गोष्ट वाचताना हेवा वाटतो. आमच्या तळ्याचा तळ इतका जवळ नाही. आमचं बुडालेलं जहाज दोरीच्या तरंगणाऱ्या बोंडावरून शोधावं लागतं.

तर व्हॅलियंट.

कामाचं सांगतो. पहिल्या पाच फासळ्या (कण्यावरच्या आडव्या प्लायच्या पट्ट्या, ज्या जहाजाला आकार देतात) वाया गेल्या. मी १९१५ च्या आराखड्यावरून कापल्या, रुंदी १९.२ सेंमी. नंतर लक्षात आलं की जहाजांना दोन्ही बाजूंना बल्ज, म्हणजे बाहेरून फुगवटे, लावले गेले होते आणि मूळ रुंदी २७.६ मीटरवरून ३१.७ वर गेली होती, म्हणजे मॉडेलला २२ सेंमी. पुन्हा कापल्या. पण हे नुकसान फायद्याचं ठरलं: त्या पावणेतीन सेंमीत बॅटरी आडवी झोपते आणि वजन खाली राहतं. व्हॅलियंटचा ब्रिजचा (जिथून जहाज चालवतात तो) मनोरा उंच आहे, त्यामुळे वरचं वजन कमी ठेवण्यासाठी तो पूर्ण पोकळ बाल्साचा करतोय. एकूण वजन बारा किलोच्या आसपास धरलं आहे.

चार पंखे दिसतील, पण मोटर फक्त आतल्या दोघांना, कारण सुकाणू त्यांच्याच झोतात येतात. अंबडच्या लेथवाल्या काकांना सुकाणूच्या पितळी दांड्या दाखवल्या, ते म्हणाले, "बुशिंग ठेव रे, नाहीतर दोन महिन्यांत ढिले होतील." बुशिंग ठेवलं.

मागचं डेक खालच्या पातळीवर आहे, ते चारही बाजूंनी बुजवलं तरी पाणी चढतं. पंप तिथेच, वाय टरेटच्या (सगळ्यात मागच्या तोफबुरुजाच्या) खाली बसवणार आहे.

आज बाविसातल्या चौदा फासळ्या कण्यावर चिकटल्या. शनिवारी उरलेल्या, आणि रविवारी बाल्सा न लावता नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गच्चीवरच्या टाकीत पाणरेषा बघणार. तुमच्यापैकी कोणी मलाया किंवा बारहॅम बांधली असेल तर कोनाड्यांच्या सांध्यांना काय वापरलं ते जरूर कळवा, माझ्या जुन्या जहाजाला अजून उपाय सापडलेला नाही.