सात मयत आणि एक गहाळ कागद

आमच्या चित्रपट रसास्वाद वर्गात एक निवृत्त पोलीस निरीक्षक होते. वर्गातले सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेला हा माणूस. नोकरीत गेल्यावर मात्र रहस्यकथांवरून मन उडालं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वेळापत्रकात ‘द बिग स्लीप’ हे नाव दिसल्यावर ते मला म्हणाले, “मॅडम, डिटेक्टिव्ह पिक्चर असला तर मी वही घेऊन बसणार. चालेल ना?”

मला चालणारच होतं. हॉवर्ड हॉक्सचा १९४६ सालचा हा सिनेमा मी शिकवताना नेहमी एकच गंमत बघत आले आहे. पहिल्या अर्ध्या तासात मुलं मान पुढे काढून बसतात, तासाभरात एकमेकांना कोपराने ढोसून ‘हा कोण आता?’ विचारायला लागतात आणि शेवटी थेट मलाच विचारतात. मी ठरवून काही सांगत नाही. ह्या वेळी मात्र सांगायचं काम साहेबांनी आपल्याकडे घेतलं.

थोडक्यात प्रकरण असं. लॉस एंजेलिसमधल्या म्हाताऱ्या, श्रीमंत जनरल स्टर्नवुडला कोणी गायगर नावाचा इसम पैशांसाठी छळतोय. धाकटी मुलगी कार्मेन त्याच्या कचाट्यात सापडलीये. जनरल फिलिप मार्लो ह्या खासगी डिटेक्टिव्हला नेमतो. तो म्हणजे हम्फ्री बोगार्ट. थोरली मुलगी व्हिव्हियन म्हणजे लॉरेन बकॉल. जनरलच्या पदरचा लाडका माणूस शॉन रीगन महिनाभर बेपत्ता आहे. त्याला शोधायला मार्लोला कोणी सांगितलेलं नाही, पण भेटेल तो माणूस त्याला ‘रीगनला शोधताय ना?’ असंच विचारतो.

साहेबांनी वहीचं पान आडवं धरून रकाने पाडले: मयत, ठिकाण, हत्यार, संशयित, शेवटचा जिवंत कोणी पाहिला. पहिली नोंद गायगरची. पावसाळी रात्र, बाहेर मोटारीत बसलेला मार्लो, आतून लखकन उजेड, किंकाळी, गोळ्या. आत गायगर मेलेला, कार्मेन नशेत, एका पुतळ्याच्या डोक्यात दडवलेला कॅमेरा आणि त्यातली फिल्म गायब. मार्लो कार्मेनला उचलून घरी पोचवतो. साहेब पुटपुटले, “दोनशे एक लागलं.” म्हणजे जुन्या भादंविचं, भारतीय दंड विधानाचं, पुरावा नाहीसा केल्याचं कलम. शेजारचा कॉलेजचा पोरगा खुदकन हसला. मार्लो परत येऊन पाहतो तर प्रेत जागेवर नाही. आता साहेब खुर्चीत पुढे सरकले.

दुसरी नोंद स्टर्नवुडांचा ड्रायव्हर ओवेन टेलर. गाडीसकट समुद्रात सापडतो. तिसरा जो ब्रोडी: हा टेलरचा पाठलाग करतो, त्याला डोक्यात फटका मारून फिल्म काढून घेतो आणि पुढे स्वतःच्या घराच्या दारात गोळी खातो. गोळी घालणारा लंडग्रेन हा गायगरचा माणूस. मालकाला ब्रोडीने मारलं, असा त्याचा समज. प्रत्यक्षात गायगरला मारलेलं असतं टेलरने, कार्मेनपायी. मार्लो लंडग्रेनला पकडतो आणि गायगरचं हरवलेलं प्रेतही सापडतं, बिछान्यावर नीट ठेवलेलं.

इथवर साहेबांचे रकाने भरलेले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. पुढच्या टप्प्यात मार्लो आणि व्हिव्हियन एका रेस्टॉरंटमध्ये बसून घोड्यांच्या शर्यतीवर बोलायला लागतात. बोलणं घोड्यांचं, मनात भलतंच. वर्ग खूश. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

“मॅडम, थांबवा जरा. इथे कागद गहाळ आहे.”

मी सिनेमा थांबवला.

“आरोपी ताब्यात आला, बॉडी मिळाली. आता ह्याला वरिष्ठांसमोर उभं करून जबाब घेतलाच पाहिजे. कोणी कोणाला का मारलं, सगळं ओळीने. हा थेट हॉटेलात बसून घोड्यांच्या गप्पा मारतोय. फाईलमधून पान काढल्याशिवाय असं होत नाही.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ह्या सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत, हे मी वर्गाला अजून सांगितलेलंच नव्हतं.

चित्रीकरण १९४४ च्या अखेरीस सुरू झालं आणि १९४५ च्या सुरुवातीला संपलं. त्याच वर्षी पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैनिकांना तो दाखवलाही गेला. पण युद्ध संपायच्या बेतात होतं. वॉर्नर ब्रदर्स ह्या स्टुडिओकडे युद्धपट साठले होते. ते शिळे व्हायच्या आत आधी बाहेर काढायचे ठरले. दरम्यान बकॉलच्या दुसऱ्या एका सिनेमातल्या कामावर समीक्षक तुटून पडले. तिचा एजंट चार्ल्स फेल्डमन ह्याने जॅक वॉर्नरला पत्र लिहिलं, की ह्या पोरीला तिच्या पहिल्या सिनेमातला तो तोरा मिळेल असे प्रसंग नव्याने घ्या. मे १९४५ मध्ये बोगार्ट-बकॉलचं लग्न झालेलं होतं, जोडी लोकांच्या तोंडी होती. १९४६ च्या सुरुवातीला नवे प्रसंग चित्रित झाले. घोड्यांचं बोलणं त्यातलंच. जे काढलं त्यात डिस्ट्रिक्ट ॲटर्नीच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या, ऑफिसातला प्रसंग होता. तिथे मार्लो तोवरच्या सगळ्या प्रकरणाचा हिशेब देतो.

म्हणजे साहेबांनी बोट ठेवलं ते बरोबर त्या जखमेवर. सिनेमावर पुस्तकं वाचून नाही, फायली वाचून.

उरलेला सिनेमा संपला तेव्हा वहीत सात मयत झाले होते: गायगर, टेलर, ब्रोडी, हॅरी जोन्स, जुगाराचा अड्डा चालवणारा एडी मार्स, त्याचा गुंड कॅनिनो आणि ज्याचं प्रेत पडद्यावर कधी येतच नाही तो रीगन. चहाच्या वेळी साहेबांनी निकाल वाचून दाखवला. गायगरच्या खुनाचा आरोपी टेलर मयत, तेव्हा ॲबेटेड समरी, म्हणजे आरोपीच उरला नाही म्हणून केस बंद. ब्रोडीच्या खुनात लंडग्रेनवर चार्जशीट. जोन्सला विष पाजणारा कॅनिनो मार्लोच्या गोळीने मेला, तेही ॲबेटेड. मार्लोवर काय काय लावायचं, त्याची यादी वेगळी. ती लांब होती.

“आणि टेलर?” कॉलेजच्या पोराने विचारलं.

“आधी ए.डी., म्हणजे अकस्मात मृत्यू, दाखल. मग… लास्ट सीन टुगेदर बघितलं तर ब्रोडी. पण ब्रोडी म्हणतो मी नुसता फटका मारला. तोही गेला. साक्षीदार नाही. ए समरी. गुन्हा खरा, शोध लागत नाही.”

तेव्हा मी तारेची गोष्ट सांगितली. टेलरचा खून झाला की त्याने जीव दिला, ह्यावरून सेटवर हॉक्स आणि बोगार्टमध्ये वाद झाला. मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरलाच तार करून विचारलं. चँडलरने पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय, की त्यालाही माहीत नव्हतं. साहेब इतके हसले की चहा बशीत सांडला.

गुंता काही एका माणसाने केलेला नाही. चँडलरची ही पहिली कादंबरी, १९३९ ची. ती त्याने मासिकांत आलेल्या आपल्याच जुन्या गोष्टी जोडून रचली होती, आणि सांधे तिथेच ढिले होते. पटकथेवर विल्यम फॉकनर आणि ली ब्रॅकेट बसले. हे ब्रॅकेट म्हणजे पुरुष, असं हॉक्स समजून चालला होता. प्रत्यक्षात आली तरुण बाई. ब्रॅकेटबाईंनी पुढे सांगितलंय, की फॉकनरने प्रकरणं आलटून पालटून वाटून घेतली आणि दोघं आपापल्या खोलीत लिहीत बसले. तिसरा ज्यूल्स फर्थमन नंतर आला. त्यावर सेन्सॉरची कात्री. गायगर अश्लील पुस्तकं भाड्याने देतो, हे कादंबरीत उघड आहे. पडद्यावर ते बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याचं दुकान नेमकं कशाचं, तेच प्रेक्षकाला कळत नाही. रीगनला कोणी मारलं, ह्याचं कादंबरीतलं उत्तरही सिनेमात तसंच्या तसं येऊ शकलं नाही. शेवटी सगळं एडी मार्सच्या अंगावर ढकललं जातं.

चहानंतर मी डीव्हीडी उलटी केली. दुसऱ्या बाजूला १९४५ ची आवृत्ती होती. गहाळ कागद सगळ्यांना दाखवायचाच, अशी मला घाई झाली होती. प्रसंग सुरू झाला. माणसं खोलीत बसून एकमेकांना माहिती देतायत. सगळं कळत होतं. कोणी कोणाला मारलं, का मारलं. थोड्या वेळात मागच्या रांगेत मोबाइल उजळले. मी साहेबांकडे पाहिलं, तर ते घड्याळ बघत होते.

“काढलं ते बरं केलं,” ते म्हणाले. “असल्या मीटिंगा मी जन्मभर केल्या.”

वर्गात एकच हशा. मग त्यांनी वही मिटली आणि हॅरी जोन्सचा प्रसंग परत लावायला सांगितला. ठेंगणा, फाटका इसम. एलिशा कुक ज्युनियरने केलाय. कॅनिनो त्याच्याकडे गायगरच्या दुकानात काम करणाऱ्या ॲग्नेसचा पत्ता मागतो आणि पलीकडच्या खोलीत मार्लो लपून ऐकतोय. जोन्स पत्ता देतो, कॅनिनोने ओतलेला पेला पितो आणि मरतो. पत्ता खोटा होता, हे मागाहून कळतं. कथेत ह्या जोन्सची गरजही फारशी नाही.

साहेबांनी प्रसंग दोनदा लावायला लावला. दुसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकला.

“पत्ता सांगताना तो अडखळत नाही, बघा,” ते पोराला म्हणाले. “घाबरलाय, पण पत्ता सरळ सांगतो. म्हणजे आधीच ठरवून बसलाय. जबाब घेताना आम्ही हेच ऐकायचो. कॅनिनोला ऐकू आलं नाही, कारण तो पत्ता ऐकत होता.”

पोरगा वहीत लिहायला लागला. साहेबांनी त्याला थांबवलं आणि मला म्हणाले, “मॅडम, आवाज थोडा वाढवून अजून एकदा.”