ऑइल बदलणं सोपंय, स्पायडर उचलणं नाही – माझा अनुभव

इथे कॅनडात, ओंटारिओत, बर्फ संपला की सगळ्यांच्या गाड्या एकदमच बाहेर निघतात आणि सर्व्हिसला फोन केला की आठवड्यांनंतरची तारीख. सीझनच किती छोटा इथे, तो काय वाट बघण्यात घालवायचा? म्हटलं घरीच करू.

गाडी म्हणजे कॅन-ॲम स्पायडर आरटी ही तीनचाकी मोटरसायकल, १३३० सीसीचं रोटॅक्स इंजिन, पुढे दोन चाकं मागे एक. ऑइल काढणं, फिल्टर बदलणं यात काही विशेष नाही, पण खाली हात तर गेला पाहिजे ना! जमिनीपासून जेमतेम साडेचार इंच जागा आणि वजन साडेचारशे किलोच्या वर. आपल्याकडे मेकॅनिक रिक्षा सरळ कुशीवर आडवी करतात, हिला तसलं काही चालत नाही.

आधी कारचे प्लास्टिकचे रॅम्प आणले. तर मागचं चाक ढकलतंय आणि रॅम्पच गुळगुळीत फरशीवर पुढे पळतायत. खाली रबर मॅट टाकली तेव्हा कुठे चढली, पण आता तोंड वर आणि मागची बाजू खाली, जुनं ऑइल पूर्ण निघणार कसं? म्हणून मागून जॅक लावायला घेतला आणि तिथेच थांबलो, कारण स्पायडरचा पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकाला असतो. ते चाक हवेत गेलं की ब्रेक असून नसल्यासारखा, पुढची दोन मोकळी आणि तीही उंचावर! गिअरमध्ये ठेवू म्हणाल तर गिअरही त्याच मागच्या चाकाला, त्यात माझी सेमी-ऑटोमॅटिक, इंजिन बंद की क्लच सुटलेलाच. व्हिडिओवाले एवढंच नेमकं सांगत नाहीत, त्यांची गाडी पहिल्या सेकंदाला वर चढलेलीच असते. भयंकर राग येतो.

शेवटी दोन बाय दहाच्या फळ्या आणल्या (नावाला दोन इंच, जाडी भरते दीड), प्रत्येक वरची फळी आखूड असे चार थर स्क्रूने घट्ट केले, पुढच्या टोकाला आडवी पट्टी. असे तीन रॅम्प, तिन्ही चाकं एकाच वेळी चढतील असे मांडले, खाली मॅट होतीच, आणि बायकोला बाजूला लक्ष ठेवायला उभं केलं. सहा इंच वर, गाडी सपाट, ब्रेक लागलेला, वर चाकांना ठोकळे. जाम भारी वाटलं!

हां, चढवण्याआधी एक चक्कर मारून आणा, ऑइल कोमट असलं की पटकन उतरतं. माझ्या मॉडेलला ड्रेन प्लग दोन आहेत, दोन्ही काढा, वॉशर नवे टाका. जॅक वापरायचाच असेल तर फ्रेमला लावा, ऑइल पॅनला चुकूनही नाही, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, खाली जॅक स्टँड पाहिजेतच. उतरवताना रिव्हर्स टाकून अगदी हळू. आणि रॅम्प मांडण्याआधी पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर टेपने मोजून फरशीवर खडूने खुणा करा, मागचा रॅम्प जरा जरी मागेपुढे झाला तर एकतर पुढची चाकं आधी चढतात नाहीतर मागचं, नि गाडी मध्येच अडते.